तेलाचा वास

गेल्या डिसेंबरात मी ज्या तालुक्याच्या गावी नोकरी केली तिथे माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा झाला. १९८८ साली दहावी झालेली बॅच. हल्ली ही एक नवीनच पद्धत निघाली आहे. मुलं (म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेली, पोटं सुटलेली, नातवंडांचे फोटो दाखवणारी मुलं!) एकत्र जमतात, हजेरी घेतात, प्रार्थना म्हणतात आणि आम्हा उरल्यासुरल्या शिक्षकांना स्टेजवर बसवून सत्कार करतात. मला आवडतं. खोटं कशाला बोलू?

सत्कारात शाल आणि श्रीफळ होतंच. पण यावेळी प्रत्येक शिक्षकाला एक लिटर करडईचं तेलही दिलं. घरी आल्यावर चष्मा लावून बाटलीवरचं लेबल वाचलं. "लाकडी घाणा, कोल्ड प्रेस्ड, शुद्ध करडई तेल." खाली मालकाचं नाव. ते नाव वाचलं आणि मी खुर्चीत बसले.

तो माझा विद्यार्थी. मेळाव्याला आला नव्हता, फक्त तेल पाठवलं होतं.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

बाटलीचं झाकण उघडलं आणि तो वास आला. ज्यांनी लहानपणी खाल्लंय त्यांनाच कळेल तो. किंचित उग्र, थोडा भाजल्यासारखा, थोडा ओल्या पेंडीसारखा. मी एकदम बार्शीकडच्या आमच्या गावात, साठ-पासष्ट वर्षं मागे जाऊन पोचले.

आमच्या शेतात शाळू असायचा आणि शाळूच्या कडेने करडईचे पट्टे. करडई काटेरी, त्यामुळे गुरं आत शिरत नाहीत. कोवळी असताना तिची भाजी करायची, मग पिवळी-केशरी फुलं यायची आणि फाल्गुनाच्या सुमाराला ती वाळून काढायला यायची. दवात काटे जरा मऊ असतात म्हणून बायका पहाटे हाताला फडकी गुंडाळून काढायला जायच्या. मग घरची करडई पोत्यात भरून घाण्यावर न्यायची. ते काम आम्हा पोरांना फार आवडायचं.

घाणा गावाच्या कडेला. मोठं उखळ जमिनीत पुरलेलं, त्यात उभी जाडजूड लाट, लाटेला आडवं लाकूड आणि त्याला डोळ्यांवर झापड बांधलेला बैल. कर्र... कर्र... असा एकसुरी आवाज. घाणेकाका अधूनमधून ओंजळीने पाण्याचा हबका मारायचे. थोडं पाणी लागलं की तेल सुटतं. मग हळूहळू खालच्या भांड्यात सोनेरी धार पडायला लागायची. काकांची बायको, आम्ही तिला मावशी म्हणायचो, आमच्या हातातल्या भाकरीच्या तुकड्यावर ते कोमट तेल सोडायची आणि वर मिठाची चिमूट. त्या चवीची सर पुढे कशालाच आली नाही.

आणि त्याच घरात आमची आजी म्हणायची, सकाळी कामाला निघताना तेली आडवा येऊ नये, अपशकुन होतो. शनिवारी तेल घरात आणायचं नाही, पण मारुतीला मात्र त्याच दिवशी तेल वाहायचं. तेल देवाला चालतं, समईत चालतं, लग्नात "घाणा भरणं" हा विधीसुद्धा असतो. भज्यांच्या पहिल्या तळणीलाही आपण पहिला घाणाच म्हणतो. फक्त घाण्याचा माणूस समोर नको! लहानपणी यात काही विसंगत आहे असं मला वाटलंच नाही.

लग्न होऊन, नोकरी लागून आम्ही तालुक्याला आलो आणि ऐंशीच्या दशकात कधीतरी आमच्या घरात रिफाइंड तेल शिरलं. त्याआधी डालड्याचा तो झाडाच्या चित्राचा पिवळा डबा होताच. रिकामा झाला की त्यात तुळस लावायची. रिफाइंड तेल पाण्यासारखं स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे बिनवासाचं. पाहुणे आले की पुऱ्यांना वास नको, डब्याला वास नको, स्टाफरूममध्ये आपला डबा उघडला की कुणी नाक मुरडायला नको. मीही मोठ्या प्रौढीने सांगत असे, "आमच्याकडे बाई रिफाइंडच."

त्या तेलाचा वास जातो कुठे हे मी पुष्कळ नंतर वाचलं. मोठ्या कारखान्यात बी आधी गरम करून यंत्रात दाबतात. उरलेल्या पेंडीत जे तेल राहतं ते हेक्झेन नावाच्या, पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या द्रवाने धुऊन काढतात आणि तो द्रव नंतर तापवून उडवून टाकतात. मग तेलातला चिकटपणा काढायचा, अल्कलीने आंबटपणा मारायचा, एका विशिष्ट मातीतून गाळून रंग काढायचा आणि शेवटी निर्वात भांड्यात दोनशे अंशांहून जास्त तापमानाला वाफ सोडून वास घालवायचा. या शेवटच्या पायरीचं नावच मुळी डिओडोरायझेशन.

घाण्यात यातलं काही नाही. सावकाश दाबायचं, दोन-तीन दिवस निवळू द्यायचं, वरचं तेल काढून घ्यायचं, खाली गाळ राहतो. पेंडीत थोडं तेल राहतं, ते गुरांच्या पोटात जातं. गुरं घाण्याची पेंड कशी चाटूनपुसून खातात ते मी पाहिलंय.

पण आपण रिफाइंडकडे वळलो ते काही अगदी मूर्खपणाने नव्हे. सुट्या तेलात भेसळ फार होती. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि साठाहून जास्त माणसं दगावली. अशा बातम्या वाचल्यावर माणूस सीलबंद पाकीटच घेणार.

घाण्यांचं काय झालं तेही थोडक्यात सांगते. गांधीजींनी १९३४ साली ग्रामोद्योग संघ काढला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली त्याचं काम चाले. बैलघाणी सुधारून जास्त तेल कसं निघेल, बैलाचे कष्ट कमी कसे होतील, याचे प्रयोग तिथे झाले. पण आधी गिरण्या आल्या, मग रिफाइंडची पाकिटं आली आणि आमच्या भागातले घाणे एकेक करून थांबले. उखळं अंगणात पडून राहिली. कुणी त्यात पाणी साठवलं, कुणी झाड लावलं.

आता त्या मुलाकडे येते.

१९८४ साल. मी सातवीला मराठी शिकवत होते. तो खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर बसायचा. अक्षर सुरेख, पण वहीच्या कडांना कायम तेलाचे डाग. घरी घाणा होता, शाळेत येण्याआधी तो बैलामागे फिरून यायचा. कपड्यांना तोच वास. इतर मुलं त्याच्या शेजारी बसायला कुरकुर करायची. मी त्यांना रागवायचे, नाही असं नाही. पण बाक मात्र मी बदलून दिले होते, कुरकुर करणाऱ्यांचे.

एके दिवशी म्हणी शिकवत होते. फळ्यावर म्हण लिहायची, अर्थ सांगायचा, वाक्यात उपयोग करायला लावायचा. दहा-बारा म्हणी झाल्या आणि पुढची मी लिहिली, "कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली."

लिहिताना मला काहीसुद्धा वाटलं नाही. पुस्तकातली म्हण, परीक्षेत येणारी म्हण. वर्ग हसला, तेव्हाही मला आधी कळलं नाही का हसला ते. मग एक मुलगा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, गंगू इथंच बसलाय की!" आणि मी... मला लिहायला लाज वाटते, पण मीही हसले. फार नाही, किंचितच. मग डस्टर आपटलं आणि "शांत बसा" म्हटलं. पण हसले होते, आणि ते त्याने बघितलं होतं.

ती म्हण मुळात गांगेय आणि तैलप या राजांवरून आली असं सांगणारे आहेत. असेलही. आमच्या वर्गात मात्र तेली म्हणजे तेलीच होता आणि तो दुसऱ्या बाकावर बसला होता.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. बी.ए.ला मराठी हा माझा विषय. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे चाकणचे, घाण्यावर तेल काढणारे, हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. त्या दिवशी वर्गात ते सांगायला दोन मिनिटं पुरली असती. सुचलं नाही.

त्यानंतर त्याने माझ्या तासाला कधी हात वर केला नाही. दहावी पास झाला, पुढे काय झालं कळलं नाही. वडिलांनी घाणा बंद केला एवढं कानावर आलं होतं.

मधल्या काळात आमच्या घरात तेलाचा वेगळाच अध्याय झाला. २०१२ साली ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. मग हृदयासाठी चांगलं म्हणणारी सगळी तेलं आणून झाली. "कोलेस्टेरॉल नाही" असं लिहिलेलं वाचून मी डबे निवडायचे. पुढे कळलं की कुठल्याच झाडाच्या, बियांच्या तेलात कोलेस्टेरॉल सांगण्याइतकं नसतं. ते लिहिणं म्हणजे "या मिठात साखर नाही" असं लिहिण्यासारखं आहे!

२०१८ च्या सुमाराला सगळीकडे लाकडी घाण्याची हवा सुरू झाली. सूनबाईंनी आणलं, शेजारणींनी आणलं. मी तर आनंदाने आणलं, लहानपणीचंच तेल ना! आणि इथेच चुकले. "नैसर्गिक आहे, कितीही खा, याने काही होत नाही" असं मी स्वतःच ठरवून टाकलं. चटणीवर तेल, भाकरीवर तेल, आमटीला फोडणी सढळ हाताने, शिवाय आठवड्यातून एकदा भजी. सहा महिन्यांनी ह्यांची तपासणी झाली तर वजन साडेतीन किलो वाढलेलं आणि रक्ताचे आकडेही वर गेलेले.

डॉक्टरांनी विचारलं, "दोघांना महिन्याला तेल किती लागतं?" मी म्हटलं, "तीन लिटर, पण घाण्याचं." ते हसले. म्हणाले, "बाई, घाण्याचं असो की कारखान्याचं, एका ग्रॅमला नऊ कॅलरी सगळ्याच तेलात. माणशी महिना अर्धा लिटर, त्यावर नाही." शिक्षिकेला कुणी सोपं गणित शिकवलं की जरा झोंबतंच. पण त्या दिवसापासून मी एक तारखेला एक लिटर बरणीत काढते आणि ते महिनाभर पुरवते.

तर मेळाव्यातलं तेल संपलं आणि फेब्रुवारीत मी भाच्याला म्हटलं, मला जरा तिकडे घेऊन चल. तेल आणायचं आहे. खरं तर तेल सोलापुरातही मिळतं.

घाणा आता गावाबाहेर रस्त्यालगत आहे. पत्र्याची शेड, आत दोन लाकडी घाणे, मोटारीवर चालणारे. बैल नाही, बरं झालं. वास मात्र तोच. तो समोरच उभा होता, केस पांढरे झालेले. "या बाई," म्हणाला, आणि खुर्ची पुसून दिली.

मी काय बोलावं ते न सुचून तेलाबद्दलच विचारत सुटले. आणि मंडळी, त्याने मला जे सांगितलं तसं सांगणारा विक्रेता मी आजवर पाहिला नाही. म्हणाला, "बाई, लोक येतात, गुडघे बरे होतील का, शुगर जाईल का विचारतात. मी सांगतो, हे खायचं तेल आहे, औषध न्हाई." करडईच्या तेलातला जो मोठा गुण, लिनोलिक आम्ल, तो रिफाइंडमध्येही राहतो. तूप, डालडा यांच्या जागी असं तेल वापरलं तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते, ती दोन्हींनी होते. रिफाइंड करताना कमी होतं ते थोडं ई जीवनसत्त्व, काही बारीकसारीक घटक आणि चव, रंग, वास. "घाण्याच्या तेलात ते राहतं. आमचा फायदा तेवढाच, पण खरा," म्हणाला.

तोटेही त्याने आपणहून सांगितले. घाण्याचं करडई तेल लवकर धुरावतं, म्हणून तळणाला वापरू नये. चटणी, कोशिंबीर, भाकरी किंवा मंद आचेवरची फोडणी यांसाठी ते. जवसाचं तर गरमच करायचं नाही. शेंगदाणा बुरशी लागलेला असेल तर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तेलात उतरतं. रिफाइंड करताना ते निघून जातं, घाण्यात निघत नाही. म्हणून तो दाणे हाताने निवडून घेतो. तीन बायका सुपं घेऊन तेच करत बसल्या होत्या. तेल उन्हात ठेवायचं नाही, दोन महिन्यांत संपवायचं, खवट वास आला की सरळ टाकून द्यायचं.

किमतीचंही गणित सांगितलं. एक लिटर शेंगदाणा तेलाला अडीच-पावणेतीन किलो दाणे लागतात. करडईचं टरफल जाड, तिला साडेतीन-चार किलो. "दाण्याच्या भावाशी गुणून बघा बाई. त्याहून स्वस्तात कुणी घाण्याचं तेल देत असंल तर ते कुठनं आणतो ते त्याला इचारा."

मी चालू घाण्यातून पडणाऱ्या धारेखाली बोट धरलं. कोमट होतं. अगदी "कोल्ड" नव्हे. तोही हसला. म्हणाला, "लाकूड फिरलं की ऊब येणारच. पर शहरात कोल्ड प्रेस्ड लिवल्याबिगर इकत न्हाई."

मग मी म्हटलं, "अरे, सातवीत एकदा म्हणी शिकवताना..."

तो झाकण घट्ट करत होता. मान वर न करता म्हणाला, "हां. आठवतंय."

"मी चुकले रे. तेव्हाच बोलायला हवं होतं."

तो जरा थांबला. म्हणाला, "ती म्हण मला आधीच ठाऊक हुती बाई. गल्लीत पोरं म्हणायचीच. पण वर्गात आलं की त्यातनं सुटल्यावाणी वाटायचं. त्या दिवशी ती फळ्यावर आली."

मला काही बोलता येईना. घाण्याचा आवाज चालू होता, ते एक बरं.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "मेळाव्याला येणार नव्हतोच मी. तेल पाठवा म्हणून बायको मागं लागली. म्हणाली, खाऊ दे सगळ्यांना." मग त्याने आत हाक मारली, ती चहा घेऊन आली. त्यांची मुलगी अन्नतंत्रज्ञान शिकते आहे, सुट्टीत हिशेब बघते. लेबल तिनेच केलंय आणि त्यावर वडिलांचं नाव, आडनाव मोठ्या अक्षरात असलं पाहिजे हा हट्टही तिचाच.

निघताना मी पैसे काढले. वाटलं, हा आता "राहू द्या बाई" म्हणणार. म्हणाला नाही. लेबलावर होते तेवढे पूर्ण घेतले, सुटे परत केले, आणि भाच्याला डबा गाडीत आडवा ठेवू नको म्हणून बजावलं. मला ते फार बरं वाटलं. त्याने माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. तो त्याचा प्रश्न आहे.

वाचणाऱ्यांत बरेच शिक्षक आहात, म्हणून एक विनंती. पुस्तकात म्हण असते, परीक्षेतही येते. पण फळ्यावर लिहिण्याआधी एकदा वर्गाकडे बघा, कोण कुठे बसलंय ते. आणि संताजी जगनाडे कोण होते ते जरूर सांगा. दोनच मिनिटं लागतात.

आणि आमच्या घरच्या मंडळींनो, घाण्याचं तेल कुठून आणता म्हणून विचारत होतात ना? नंबर फोनवर कळवीन. पण माणशी महिना अर्धा लिटर, हे लक्षात ठेवा.

काल जवसाची चटणी केली, वर चमचाभर कच्चं करडईचं तेल. ह्यांनी घास घेतला आणि म्हणाले, "काय वास आहे गं!" आणि बरणीकडे हात नेला. मी बरणी उचलून फडताळात ठेवली.

असो. भाकऱ्या टाकायच्या आहेत अजून.